शेकोटीचा धूर ‘नैसर्गिक’, म्हणून निरुपद्रवी?

निफाडचा पारा एक आकडी झाला की नाशिकभर शेकोट्या पेटतात. सोबत ठरलेलं वाक्य येतंच: “लाकडाचा धूर आहे, गाडीचा नाही. आपले आजी-आजोबा यातच वाढले.”

पण लाकडाचा धूर निरुपद्रवी, हे खरं नाही. फुफ्फुसाला धूर बाभळीचा की डिझेलचा, याच्याशी देणंघेणं नसतं. लाकूड, काटक्या, गोवऱ्या अर्धवट जळतात तेव्हा २.५ मायक्रॉनहून बारीक कण सुटतात. केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही लहान. नाक ते अडवू शकत नाही. फुफ्फुसात खोल जातात, काही रक्तातही उतरतात. हवेतल्या या कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा २४ तासांसाठी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे, आपली भारताची ६०.

त्यात थंडीची मेख अशी, की रात्री जमिनीलगतची हवा गार नि वरची उबदार राहते. धूर वर जात नाही, गल्लीतच पसरून राहतो. पहाटे गोदाकाठी दिसणारं सगळंच ‘धुकं’ नसतं!

आजी-आजोबांचं म्हणाल, तर चुलीपुढची आजीची खोकल्याची उबळ आपण वयाच्या खाती टाकली.

शेकायचंच तर वाळलेलं लाकूड, मोकळी जागा. टायर-प्लास्टिक अजिबात नको. आणि बंद खोलीत धगधगती शेगडी ठेवून झोपू नका. निखाऱ्याला धूर नसला तरी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो, त्याला वासही नसतो.