ल्युमिनॉल: उजेड आहे पण चटका नाही

ल्युमिनॉल म्हणजे ऑक्सिडेशन झालं की निळा उजेड देणारं रसायन. केमिस्ट्रीच्या पोरांना त्याचा प्रयोग दाखवायचा असेल तर एक सांगतो, लाईट बंद केल्या केल्या सोल्यूशन ओतू नका. चार-पाच मिनिटं सगळ्यांना अंधारात गप्प बसवा, डोळे अंधाराला सरावले की मगच ओता, नाहीतर मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "सर, काहीच दिसत नाहीये!"

एका बीकरमध्ये ल्युमिनॉल आणि सोडियम हायड्रॉक्साइड, दुसऱ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि चिमूटभर पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही एकत्र आले की जिथे धार पडते तिथूनच निळा उजेड पसरत जातो, आणि बीकरला हात लावला तर गारच!

होतं काय, तर ऑक्सिडेशनमध्ये ल्युमिनॉलच्या रेणूतून नायट्रोजन वायू सुटतो आणि मागे उरलेल्या रेणूत जास्तीची एनर्जी अडकून बसते, मग त्यातला इलेक्ट्रॉन खाली उतरताना ती एनर्जी प्रकाश म्हणून बाहेर टाकतो, साधारण 425 नॅनोमीटरचा, म्हणजे निळा. गंमत म्हणजे शंभर रेणूंमागे जेमतेम एखादाच असा उजेड देतो, बाकीच्यांची एनर्जी उष्णतेत जाते, पण पाणी इतकं असतं की ती हाताला जाणवतच नाही.

ल्युमिनॉलचं हे चमकणं 1928 मध्ये आल्ब्रेख्त या जर्मन केमिस्टने मांडलं. पुढे पोलिसांना रक्ताचे डाग शोधायला त्याचा उपयोग झाला कारण रक्तातल्या हिमोग्लोबिनचं लोहसुद्धा फेरिसायनाइडचंच काम करतं, म्हणजे रिॲक्शनला वेग देतं. फक्त सिरियलमध्ये दाखवतात तसं चमकलं म्हणजे रक्तच असं नसतं हां, ब्लीचने पुसलेली फरशीपण मस्त चमकते.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो गरम-थंडचा खेळ. तीच सोल्यूशन्स एकदा कोमट आणि एकदा बर्फात ठेवलेली घ्या. कोमट एकदम झगझगीत पेटतं आणि लवकर विझतं, थंड मात्र मंद मंद बराच वेळ चालू राहतं. रिॲक्शनचा वेग म्हणजे काय ते फळ्यावर ग्राफ काढून जेवढं कळत नाही तेवढं इथे कळतं.

गॉगल आणि ग्लोव्ह्ज हवेतच, आणि उरलेल्या पाण्यात चुकूनही ॲसिड ओतायचं नाही कारण फेरिसायनाइडमधून विषारी हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. पण ते पाणी बाजूला ठेवण्याआधी, उजेड मंदावत आला की फेरिसायनाइडचे दोन-चार खडे टाकून बघा, ल्युमिनॉल आणि पेरॉक्साइड थोडं शिल्लक असेल तर खडा तळाला जाईपर्यंत मागे निळी रेघ सोडत जातो.