मेटाबॉलिक सिंड्रोममधील कोलेस्टेरॉल : आहार आणि व्यायाम

पोटाचा वाढता घेर, वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), कमी एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल), वाढलेला रक्तदाब आणि उपाशीपोटीची वाढलेली साखर या पाचांपैकी कोणतेही तीन बिघाड एकत्र आढळले, तर त्या अवस्थेला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. या एकत्र येण्यामागे इन्शुलिनला शरीर दाद देत नाही हे कारण असावे, असे अमेरिकन डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी 1988 मध्ये मांडले. आपल्याकडच्या लोकांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांत 90 सेंमी आणि स्त्रियांत 80 सेंमी अशी धरतात. युरोपीय पुरुषांसाठी ती याहून जास्त आहे.

या अवस्थेत रिपोर्ट वाचताना फसगत होते. समजा, एकूण कोलेस्टेरॉल 190, ट्रायग्लिसराइड 240, एचडीएल 32 आणि एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल 110 (सगळे मिग्रॅ/डीएलमध्ये) आले. पहिला आकडा दोनशेच्या आत पाहून घरचे निर्धास्त होतात, पण खरा बिघाड पुढच्या दोन आकड्यांत असतो. इन्शुलिनचा प्रभाव कमी पडला की पोटाभोवतीची चरबी विरघळून यकृताकडे जाते. यकृत तिचे ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडते. रक्तातल्या कणांमध्ये होणाऱ्या त्याच्या देवाणघेवाणीत एचडीएल लवकर नष्ट होते आणि एलडीएलचे कण लहान व घट्ट होतात. म्हणून एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून येणारा आकडा, इथे 158, जास्त बोलका ठरतो.

कोलेस्टेरॉल म्हटले की आपण तूप आणि अंड्याचा बलक बंद करतो. ट्रायग्लिसराइड मात्र साखर, मैदा, जास्तीचा भात आणि दारू यांनी वाढतात. तेल-तूप तोडून त्या जागी पोळी-भात वाढवला, तर ट्रायग्लिसराइड चढतात आणि एचडीएल आणखी उतरते. उपवासाचेही तेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यामुळे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कचेऱ्यांत दिवसभरात चार-पाच गोड चहा सहज होतात. एका चहात दोन चमचे साखर धरली, तरी ती रोज चाळीस ग्रॅमच्या आसपास जाते. हा चहा बिनसाखरेचा करणे हा मला सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय वाटतो.

एलडीएलचा हिशेब वेगळा आहे. ते मुख्यतः लोणी, तूप, खोबरेल आणि वनस्पती तुपातल्या संपृक्त व ट्रान्स मेदांनी वाढते. डाळी, कडधान्ये, ओट्स आणि भाज्यांतल्या विद्राव्य तंतूंनी ते थोडे उतरते. नवी मुंबईतल्या दिवाळे किंवा ऐरोलीच्या कोळीवाड्यातल्या ताटात बांगडा-तारलीसारखे ओमेगा-3 असलेले मासे असतात, ही मोठी जमेची बाजू आहे. तळण्याऐवजी त्यांचे कालवण करावे आणि सोबतचा भात निम्मा करावा, एवढेच पुरे.

व्यायामाने स्नायूंतील लायपोप्रोटीन लायपेज हे विकर जागे होते आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड वापरले जातात. हा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून रविवारी येऊरच्या चढावर दोन तास घाम गाळून बाकी आठवडा बसून काढण्यात फायदा थोडा. आठवड्याला किमान 150 मिनिटांची झपाझप चाल आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम अशी शिफारस आहे. झपाझप म्हणजे बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतकी. ठाण्यातल्या मासुंदा तलावाला सकाळी गप्पा मारत फेऱ्या घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. फेऱ्यांनंतर वडापाव झाला, की जळलेले कॅलरीज परत येतात.

वजन 5 ते 10 टक्क्यांनी उतरले, तर ट्रायग्लिसराइड साधारण 20 टक्क्यांनी कमी होऊ शकतात. एचडीएल सावकाश आणि थोडेच वाढते. व्यायामाचा एलडीएलवर परिणाम सहसा किरकोळ असतो, त्यामुळे डॉक्टरांनी स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध दिले असेल, तर चालायला लागलो म्हणून ते परस्पर बंद करू नये. फेरतपासणी साधारण तीन महिन्यांनी, 9 ते 12 तास उपाशी राहून आणि आदल्या रात्री लग्नाचे जेवण किंवा दारू टाळून करावी.