लिश्टनस्टाइनला जायचंय? अर्ज स्वित्झर्लंडकडे करा

भारतात लिश्टनस्टाइनची वकिलात शोधत बसू नका, ती नाहीच. १६० चौरस किलोमीटरचा, सुमारे ४० हजार वस्तीचा हा देश जगभर कचेऱ्या थाटत नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत त्याचं परदेशातलं काम व्हिएन्ना बघायची. ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य कोसळलं आणि १९१९ पासून जिथे स्वतःची कचेरी नाही तिथलं काम राजधानी वाडुझने शेजारच्या स्वित्झर्लंडच्या राजधानीवर, बर्नवर सोपवलं. म्हणून देश स्वित्झर्लंडच्या दावणीला बांधला गेला, असं मात्र नाही. वाडुझ संयुक्त राष्ट्रांत १९९० सालीच गेलं, स्वित्झर्लंड २००२ मध्ये!

आता अर्जाचं. लिश्टनस्टाइन २०११ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे ९० दिवसांपर्यंतच्या सहलीला शेंगेन व्हिसा लागतो आणि तो स्वित्झर्लंड देतं. मुंबईकरांनी स्विस व्हिसाच्या अर्ज केंद्रात वेळ घ्यायची. फॉर्ममध्ये मुख्य गंतव्य म्हणून लिश्टनस्टाइनच लिहा. झुरिकला उतरणार असाल तर प्रथम प्रवेशाच्या रकान्यात स्वित्झर्लंड. देशात विमानतळ नाही. झुरिकहून सारगान्सपर्यंत रेल्वे, पुढे वाडुझची बस.

गफलत होते ती इथे: वाडुझला दोन रात्री आणि ऑस्ट्रियात पाच, असा बेत असेल तर अर्ज ऑस्ट्रियाकडे. जिथे मुक्काम जास्त, तिकडे अर्ज. मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशातून आत शिरणार, तिकडे.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोऱ्या पानांचा हवा. सोबत सही केलेला फॉर्म, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, हॉटेल आणि विमानाचं बुकिंग, गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरदारांना रजेचं पत्र. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. मूल एकाच पालकाबरोबर निघालं असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र न्या. ऐन वेळी हाच कागद घरी राहतो.

शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याखालच्यांना माफ. केंद्राचा सेवा आकार वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उत्तर साधारण १५ दिवसांत येतं, पण ४५ दिवसही लागू शकतात. उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्यांनी मार्चची वाट बघू नये.

वाडुझच्या पर्यटन कार्यालयात पैसे घेऊन पासपोर्टवर हौसेचा शिक्का मारून देतात. मी तरी तो वहीच्या पानावर घेईन.

नोकरी किंवा दीर्घ वास्तव्याचा मामला निराळा. तिथे परवानगी वाडुझचीच लागते, आणि ती सहजासहजी मिळत नाही.

तिथे पासपोर्ट हरवला तर? पोलिसांत तक्रार नोंदवा आणि बर्नमधली भारतीय वकिलात गाठा. लिश्टनस्टाइनचं कामही तीच बघते.