जुन्या ट्रॅक्टर-जीपला दुसरा सेल्फ बसवण्याआधी

चावी फिरवली आणि नुसते 'टक्' झाले, तर सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, गेलाच असे धरू नका. भरलेली 12 व्होल्टची बॅटरी काही तास उभी ठेवल्यावर मीटरवर 12.6 च्या आसपास दाखवते. बॅटरी ठीक निघाली तर अर्थिंगची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडून गाडीच्या लोखंडाला जाणारी, वायर बघा. धानाच्या बांधीत केजव्हील (चिखलात चालणारी लोखंडी चाके) लावून चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरची ही वायर बोल्टाखाली गंजलेली असते आणि वरून दिसत नाही. आमच्याकडे गाडी आली की आम्ही आधी हेच तपासतो. वायर घासून काम झाले, तर तुमचे सेल्फचे पैसे वाचले.

सेल्फ बदलावाच लागला तर जुना सोबत आणा. पिनियनचे (सेल्फच्या टोकावरच्या छोट्या दातेरी चाकाचे) दात, फिरण्याची दिशा, बोल्टांची छिद्रे आणि तोंडाकडची गोल कडा, सगळे त्याच्याशी ताडून पाहावे लागते. एका दाताचा फरक असलेला सेल्फ बसतो, दोन-चार दिवस चालतोही, पण रिंग, म्हणजे पिनियन इंजिनाच्या ज्या मोठ्या दातेरी कड्यात अडकतो ते, खाऊन टाकतो.

या रिंगबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे. इंजिन बंद होताना दर वेळी ठरलेल्या जागीच थांबते. चार सिलिंडरचे साधारण दोन जागी, तीन सिलिंडरचे तीन जागी. त्यामुळे रिंगचे दातही तेवढ्याच जागी झिजतात. सेल्फ एरवी लागतो, मधूनच नुसता घरघरतो, आणि गाडी गिअरमध्ये टाकून थोडी पुढे ढकलली की परत लागतो, असे होत असेल तर दोष बहुधा रिंगचा. म्हणून सेल्फ काढल्यावर इंजिन हाताने फिरवून पूर्ण रिंग पाहायची. झिजलेल्या रिंगवर नवा सेल्फ बसवायला आम्ही नाही म्हणतो. राग मानू नका.

बसवताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची आणि शेवटी लावायची. हाऊसिंगची बैठक, म्हणजे सेल्फ टेकतो ती जागा, लख्ख घासायची. एकदा आमच्याच हातून बैठकीवर रंगाचा थर राहिला. सेल्फ केसभर तिरपा बसला आणि त्याला अर्थिंगही नीट मिळेना, कारण बहुतेक गाड्यांत ते बैठकीतूनच जाते. शेतकऱ्याला ऐन रोवणीत दुसरी चक्कर पडली. तेव्हापासून आम्ही ब्रश मारल्याशिवाय बोल्ट लावत नाही. बोल्ट आलटून-पालटून आवळायचे, मागचा आधार सगळ्यांत शेवटी. जुन्या सेल्फखाली शिमची (अंतर जुळवायची पातळ) पत्ती असेल तर ती जपून ठेवा. नसेल तर मनाने घालू नका.

मग कान द्या. सेल्फ फिरतानाच बारीक किंचाळला तर पिनियन रिंगपासून लांब आहे. इंजिन सुरू होऊन चावी सोडताना किंचाळला तर फार जवळ. दोन्हींपैकी काहीही ऐकू आले तर लगेच या. पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

आणि एक हात जोडून विनंती. सेल्फच्या दोन टर्मिनलवर पाना किंवा पेचकस टेकवून ट्रॅक्टर सुरू करू नका. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर तिथल्या तिथे पुढे उडी घेतो, आणि पाना धरणारा माणूस मागच्या चाकापाशीच उभा असतो. घरातल्या पोरांनाही हे सांगून ठेवा.

चावी एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, मध्ये मिनिटभर थांबा. रोवणी आटोपली की एकदा गाडी घेऊन या. आत शिरलेला चिखल काढू, कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) आणि बुश (तिच्या दांड्याचे आधार) पाहू.