सर्व्हरवर स्वतः बनवलेला कर्नल की डिस्ट्रोचाच?

लिनक्स सर्व्हर हातात आला की काहींना स्वतःचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सोर्स कोडपासून कंपाइल करायची हुक्की येतेच. का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, डिस्ट्रोच्या (उबुंटू, डेबियन, रेड हॅट असं तयार मिळणारं लिनक्स) कर्नलमधे जगभरच्या हार्डवेअरचे ड्रायव्हर कोंबलेत, आपल्याला त्यातले मूठभरच लागतात, मग ते ओझं कशाला?

ऐकायला पटतं, पण हा हिशोब जुना झाला. नव्वदच्या दशकात मशिनला ८ नाहीतर १६ एमबी रॅम असायची, तेव्हा न लागणारा एकेक ड्रायव्हर खरंच जड जायचा. आता कर्नलचा सोर्स ३ कोटी ओळींच्या वर गेलाय आणि त्यातला बराचसा भाग ड्रायव्हरचाच आहे हे खरं, पण डिस्ट्रोवाले त्यातलं बहुतेक सगळं मोड्यूल म्हणून, म्हणजे लागतील तेव्हा चढवायचे सुटे तुकडे करून, वेगळं ठेवतात, बूट होताना जे हार्डवेअर सापडेल तेवढीच मोड्यूल रॅममधे चढतात आणि बाकीची डिस्कवर निवांत पडून असतात. म्हणजे छाटणी करून वाचते ती मुख्यतः डिस्कवरची जागा. सर्व्हर फास्ट झाला म्हणणाऱ्यांनी आधीचे आणि नंतरचे आकडे दाखवावेत, सहसा कोणी दाखवत नाही. कोड कमी तर सुरक्षेतली भोकं कमी हा मुद्दा मात्र रास्त आहे, पण नको ती मोड्यूल लोड होऊ न देणं हे डिस्ट्रोच्या कर्नलमधेही कॉन्फिग फाइलच्या दोन ओळींत होतं.

छाटणीतली गंमत बघायची तर मेक लोकलमॉडकॉन्फिग बघा. ही कमांड त्या क्षणी लोड असलेली मोड्यूल बघते आणि बाकीची कॉन्फिगमधून, म्हणजे काय काय बिल्ड करायचं त्या यादीतून, उडवते. भारी सोय, पण बॅकअपची एक्सएफएस फाइलसिस्टिमवाली डिस्क त्यावेळी लावलेली नसेल तर एक्सएफएस गेलं, व्हीपीएन बंद असेल तर त्याचं मोड्यूल गेलं, आणि हे कळतं कधी, तर काही महिन्यांनी ती डिस्क माउंट करायला जाल तेव्हा. ज्या डिस्कवर सिस्टिम आहे त्या रूट डिस्कचा ड्रायव्हरच राहून गेला तर मग थेट पॅनिक, म्हणजे कर्नल बूट होतानाच बंद पडतो, 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस', आणि सर्व्हर लांबच्या डेटा सेंटरमधे असेल तर रिमोट कन्सोलशिवाय गती नाही.

तरी बनवणं हा सोपाच भाग आहे, खरं काम नंतर सुरू होतं. ऑक्टोबर २०१६ मधे डर्टी काऊ नावाचं भोक जाहीर झालं, २००७ च्या २.६.२२ पासून कर्नलमधे होतं, साधा युजर त्यातून रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला युजर, होऊ शकत होता. डिस्ट्रोवाल्यांनी अपडेट मारला, रिबूट केलं, विषय संपला. स्वतःचा कर्नल चालवणाऱ्याला ४.८.३ किंवा आपल्या शाखेतली तशीच नवी आवृत्ती उतरवून, जुनी कॉन्फिग लावून, बिल्ड करून, टेस्ट करून एकेका सर्व्हरवर चढवावी लागली. असं काहीतरी दरवर्षी येतं आणि ते तुमची सुट्टी बघून येत नाही.

इथे लोक आवृत्तीच्या आकड्याला फसतात. रेड हॅट ७ चा कर्नल ३.१०, म्हणजे मूळ २०१३ चा, आणि जून २०२४ मधे त्याची नेहमीची मेंटेनन्स संपली तेव्हाही आकडा ३.१० च होता. सिक्युरिटी स्कॅनर हे बघून लाल होतो, मॅनेजर घाबरतो. पण नंतरचे फिक्स जुन्या कोडमधे बॅकपोर्ट केलेले असतात, त्यामुळे डॅशनंतरचा लांबलचक नंबर बघायचा, आधीचा नाही.

फिक्स बॅकपोर्ट होतात, नवी फीचर मात्र सगळी येत नाहीत. गूगलचं बीबीआर, म्हणजे टीसीपीचा वेग ठरवायची नवी पद्धत, २०१६ च्या शेवटी ४.९ मधे आलं, वायरगार्ड हे व्हीपीएन २०२० मधे ५.६ मधे. असलं काही खरंच हवं असेल, नाहीतर अगदी नवं नेटवर्क कार्ड ओळखतच नसेल, तर नवा कर्नल लागतो. तेव्हाही आधी उबुंटूचा एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा कर्नल), डेबियनचे बॅकपोर्ट्स, रेड हॅटवर ईएलरेपो हा बाहेरचा पॅकेजसाठा बघा, बिल्ड दुसऱ्याने केलेला असतो (ईएलरेपो घेतलं तर रेड हॅटचा सपोर्ट त्याला नाही, एवढं धरून चाला). गूगलसारखे स्वतःचा कर्नल चालवतात ते त्यांच्याकडे त्यासाठी पगारी टीम बसलेली असते म्हणून. आपल्याकडे बहुधा एकच ॲडमिन असतो, तोच प्रिंटरही बघतो.

स्वतःचा पॅच घालायचाय किंवा असंच काही अडलंय म्हणून बनवायचाच असेल तर कोऱ्या कॉन्फिगपासून सुरू करू नका, बूट फोल्डरमधली डिस्ट्रोची कॉन्फिग उचला, मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवा (नव्या पर्यायांना डिफॉल्ट उत्तरं भरतं), एलटीएस म्हणजे जास्त काळ फिक्स मिळणारी शाखा घ्या आणि ग्रबच्या बूट मेनूमधे जुना कर्नल राहू द्या. सिक्युअर बूट (सही असलेलाच कर्नल बूट होऊ देणारी सोय) चालू असेल तर सही करायचं लफडं वेगळं. आणि पॅकेज न बनवता मोड्यूल थेट इन्स्टॉल करणार असाल तर डिबगची माहिती काढून टाकणारा स्ट्रिपचा पर्याय द्या, नाहीतर त्या माहितीसकट इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणारी इमेज, असं फुगतं की छोटं बूट पार्टिशन भरतं आणि पुढचा अपडेट अर्ध्यात लटकतो.