टीव्हीच्या पाठीला चिकटलेली स्टिक

आमच्या घरी चित्र अडखळायला लागलं की सगळ्यांच्या नजरा राउटरकडे वळतात. मीही बरेच दिवस त्यालाच बोल लावत होतो. राउटर बंद करायचा, पुन्हा चालू करायचा, पाच मिनिटं बरं चालायचं आणि परत पडद्यावर तेच गरगरणारं वर्तुळ. एकदा वैतागून टीव्हीमागे हात घातला, तर इंटरनेटवरून चित्रपट-मालिका टीव्हीवर आणणारी स्ट्रीमिंग स्टिक चांगलीच तापलेली आणि टीव्हीला इतकी खेटून बसलेली, की मधे बोटही शिरेना. तिच्याबरोबर खोक्यातून वीतभर लांबीची एचडीएमआय वायर आली होती. ती 'जास्तीची' म्हणून ड्रॉवरमध्ये पडून होती. ती मधे जोडली, स्टिक टीव्हीच्या कडेला लोंबकळू दिली आणि अडखळणं जवळपास थांबलं.

यात जादू काही नाही. स्टिक म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि वायफायचा अँटेना असलेला अंगठ्याएवढा संगणक आहे, आणि आपण त्याला घरातल्या सगळ्यात वाईट जागी बसवतो. टीव्हीच्या आतला धातूचा पत्रा वायफायच्या लहरी अडवतो, परतवतो. शिवाय पॅनेलची उष्णता. चिप फार तापली की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते, आणि मग मेनूसुद्धा रेंगाळत उघडतो.

लहरींचंही थोडं बघायला हवं. घरचं वायफाय बहुधा दोन पट्ट्यांत चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर, तर ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा. पहिली भिंतींतून बऱ्यापैकी पार होते, पण तिथे गर्दी फार. एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन, त्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात काम करतो. ५ गिगाहर्ट्झला जागा मोकळी मिळते, पण भिंत आली की ती लवकर दमते. राउटर त्याच खोलीत असेल तर ५, दोन भिंती पलीकडे असेल तर २.४ वापरून बघावं.

वेगाचा बाऊ मात्र विनाकारण केला जातो. फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) जशाच्या तशा पाठवायच्या म्हटल्या, तर दर ठिपक्याच्या रंगाला २४ बिट धरून सेकंदाला सुमारे ४८० कोटी बिट लागतील. प्रत्यक्षात ते दाबून, पिळून दीड-दोन कोटींत बसवलेलं असतं, म्हणजे १५-२० एमबीपीएस (सेकंदाला इतके दशलक्ष बिट). व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो, प्रत्येक तुकडा अनेक दर्जांत तयार असतो, आणि मागचा तुकडा किती झटपट आला यावरून स्टिक पुढचा कोणता मागायचा ते ठरवते. चेहरे मधेच धुरकट होऊन पुन्हा स्पष्ट होतात ते यामुळे. स्टिकला लागतो तो सलग, न तुटणारा प्रवाह. कनेक्शन १०० चं असो की ३०० चं, फोर-केला दोन्ही पुरून उरतात.

दाबलेलं चित्र उलगडण्यासाठी चिपमध्ये खास सर्किट असतं. चित्र दाबण्याचं एच.२६४ हे तंत्र २००३ चं, एचईव्हीसी २०१३ चं, एव्ही१ २०१८ चं. तंत्र जितकं नवं, तितक्याच दर्जाला डेटा कमी. नवी स्टिक घेताना मी आधी एव्ही१ आहे का ते बघतो.

वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टवरून घेऊ नये. साध्या पोर्टची हमी ५ व्होल्टला अर्ध्या अँपिअरची, म्हणजे अडीच वॉटची, आणि स्टिकचा अडॅप्टर बहुधा त्याच्या दुप्पट देतो.

आता माझी आवडती गोष्ट. बहुतेक चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचे असतात आणि टीव्हीच्या पडद्यावरचं चित्र बहुधा सेकंदाला ६० वेळा ताजं होतं. ६० ला २४ ने भागलं तर अडीच येतात. अर्धी चौकट दाखवायची कशी? म्हणून एक चौकट तीनदा, पुढची दोनदा. एक ५० मिलिसेकंद टिकते, दुसरी ३३. शेवटची श्रेयनामावली वर सरकताना नीट बघा: अक्षरं लंगडत चढतात. कॅमेरा संथपणे आडवा फिरतो तेव्हाही हेच. अनेक स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'मॅच फ्रेम रेट' असा पर्याय असतो आणि तो बऱ्याचदा बंद असतो. तो चालू केला आणि टीव्हीला २४ चा ताल चालत असेल, तर लंगडणं जातं. टीव्हीचं स्वतःचं 'मोशन स्मूदिंग' ही वेगळी भानगड. ते मधल्या चौकटी मनाने रचून घुसवतं. सामन्यांना ठीक, चित्रपट मात्र त्याने मालिकेसारखा दिसायला लागतो. मी ते बंदच ठेवतो.

'मॅच फ्रेम रेट' चालू केला की चित्रपट सुरू होताना पडदा क्षणभर काळा पडतो. टीव्ही तेवढ्यात ताल बदलून घेतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी तो काळा पडला, तेव्हाही सगळ्यांनी राउटरकडेच बघितलं.