राजद्रोहाच्या कलमातील 'अप्रीती' : पार्श्वभूमी

भारतीय दंड संहितेच्या कलम १२४-अ चा, म्हणजे राजद्रोहाच्या कलमाचा, अंमल सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगित ठेवला आणि १ जुलै २०२४ पासून ती संहिताच रद्द झाली. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १५२ मध्ये 'राजद्रोह' हा शब्द नाही आणि ज्याच्या अर्थावरून सव्वाशे वर्षे खल झाला तो 'अप्रीती' (इंग्रजीत 'डिसअफेक्शन') हा शब्दही नाही. त्या खलाचा निर्णायक भाग मुंबई उच्च न्यायालयात आणि मराठी मजकुरावरून झालेला आहे.

मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात असलेले हे कलम १८६० च्या संहितेतून गळाले होते. १८७० मध्ये ते पुन्हा घालण्यात आले. सरकारविषयी अप्रीतीची भावना चेतवणे हा गुन्हा, एवढे त्यात होते. अप्रीती कशाला म्हणायचे, याची व्याख्या नव्हती. कायद्याचे पालन करण्याची तयारी ठेवून सरकारी उपायांविषयी नापसंती दर्शवणे म्हणजे अप्रीती नव्हे, एवढाच खुलासा होता.

ही पोकळी १८९७ मध्ये न्या. स्ट्रेची यांनी भरली. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त शिवाजी उत्सवाचा वृत्तान्त आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता छापून आली, आठवड्याने पुण्यात रँड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि जुलैअखेर टिळकांना अटक झाली. ज्यूरीला कायदा समजावून देताना स्ट्रेची यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ सांगितला आणि द्वेष, वैर, नावड, तिरस्कार अशी सरकारविषयीच्या दुर्भावनेची सगळी रूपे त्यात घातली. शब्दाची फोड म्हणून हे बरोबर दिसते. पण परक्या राज्यकर्त्यांवर प्रीती नसणे हाच गुन्हा ठरला, तर सुटणार कोण, हा प्रश्न उरतोच. सहा युरोपीय ज्यूरर दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्यूरर निर्दोष म्हणाले आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयात, टिळकांचे वकील अ‍ॅस्क्विथ यांनी याच व्याख्येवर हल्ला चढवला, तरी अपिलाची परवानगी मिळाली नाही.

त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील 'प्रतोद' पत्राचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे आले. मुख्य न्यायमूर्ती फॅरन यांच्यासह बसलेल्या या पीठात न्या. महादेव गोविंद रानडेही होते. अप्रीती म्हणजे निव्वळ प्रीतीचा अभाव नव्हे, तर राज्यसत्तेविषयीचा प्रत्यक्ष दुरावा आणि वैरभाव, अशा दिशेने या पीठाने अर्थ लावला. फरक बारीक वाटला, तरी वकिलाच्या दृष्टीने बचावाची सगळी जागा त्यातच आहे. सरकारने ती जागा फार काळ मोकळी ठेवली नाही: १८९८ च्या दुरुस्तीने 'द्वेष किंवा तिरस्कार' हे शब्द कलमात आले आणि अप्रीतीत राजनिष्ठेचा अभाव व वैराच्या सर्व भावना येतात, असे स्पष्टीकरण जोडले गेले.

१९०८ मध्ये 'केसरी'तील लेखांवरून टिळकांवर पुन्हा चाललेल्या राजद्रोहाच्या खटल्यात अर्थाचा वाद भाषांतरावर आला. लेख मराठीत आणि ज्यूरीपुढे त्यांची सरकारी इंग्रजी भाषांतरे. टिळकांनी स्वतः बचाव चालवला, भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि मूळ मराठीपेक्षा इंग्रजी शब्द अधिक तिखट झाल्याचे मांडले. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील दावर आता न्यायासनावर होते. ज्यूरीने सातास दोन असा कौल दिला आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १९१६ मध्ये मात्र टिळकांच्या भाषणांवरून त्यांच्याकडे चांगल्या वर्तणुकीची जामीनकी मागणारा हुकूम न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी रद्द केला. वाक्ये सुटी न काढता भाषण एकत्र वाचायचे, ही त्यामागची दृष्टी होती.

पुढे १९४२ मध्ये फेडरल कोर्टाने सार्वजनिक शांततेला बाधा आणण्याची प्रवृत्ती असल्याशिवाय राजद्रोह नाही, असे म्हटले आणि १९४७ मध्ये मुंबई इलाख्यातूनच गेलेल्या भालेराव प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ते मोडीत काढून कलमाच्या शब्दांकडे परत नेले. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी १९६२ रोजी केदारनाथ सिंह खटल्यात फेडरल कोर्टाचा अर्थ स्वीकारून कलम वैध ठरवले. कलमातली 'अप्रीती' आणि तिचे १८९८ चे स्पष्टीकरण मात्र तसेच राहिले. फिर्याद नोंदवणाऱ्या ठाणे अंमलदारासमोर ते शब्द असत, निकालपत्र क्वचितच.